पाटी फिरवणाऱ्या बंड्याच्या ताईंना

प्रिय ताई,
स.न.वि.वि.

आपली गादीची जाहिरात ३० सेकंदांची, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम्सच्या हिशोबाने ७५० फ्रेम्स. त्यातल्या जेमतेम २०० फ्रेम्समध्ये आपला कुत्रा बंड्या काही करतो. बाकी वेळ तो नुसता बघतो, नाहीतर पडून राहतो. लोक हसतात ते त्या बघण्याला. ते बघणं बंड्याला शिकवून तुम्ही घडवलंत, म्हणून हे आभार चारचौघांत.

ज्यांनी जाहिरात पाहिली नसेल त्यांच्यासाठी: दुपारी एक वाजून दोन मिनिटांनी एक गिऱ्हाईक सदाशिव पेठेतल्या दुकानाची पायरी चढतं. बंड्या नाकाने पाटी ‘उघडे’वरून ‘दुपारी १ ते ४ बंद’वर फिरवतो, गिऱ्हाइकाकडे शांत बघतो, जांभई देतो आणि गादीवर आडवा होतो. मागून एक कोंबडी जाते.

पटकथेच्या पहिल्या कागदावर कोंबडीच्या जागी पोपट होता आणि शेवटी माकड. तुम्ही दोन्ही तिथल्या तिथे खोडलेत. आपला हिरवा पोपट १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित, आणि माकडाला खेळासाठी शिकवायला प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली बंदी. शिवाय कुत्रा-कोंबडी असली तरी शूटिंगआधी प्राणी कल्याण मंडळाची परवानगी आणि प्रसारणाआधी ना-हरकत दाखला लागतो. त्यासाठी दृश्यांचा तपशील, मालकाची नोंदणी, पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखला ही सगळी फाइल तुम्ही स्वतः उभी केलीत. हे काम कुणाच्या नजरेत भरत नाही, पण याच्यावाचून जाहिरात डब्यातच राहते.

आता पाटी. दोरीने टांगलेली पाटी नाकाचा धक्का लागला की झुलते आणि परत तोंडावर येते. कुत्रा एकदा दचकला की पुढचे चार दिवस तिच्याजवळ जात नाही. म्हणून तुम्ही सहा मिलिमीटरच्या प्लायची पाटी मधोमध उभ्या दांड्यावर बसवून घेतलीत, अर्ध्या फेऱ्यावर ती थांबावी म्हणून चुंबक लावलात आणि ‘टक्’ आवाज मरावा म्हणून कडेला फेल्टची पट्टी. शिकवणी पाटीपासून सुरूच झाली नाही. आधी तळहाताला नाक लावणं, मग प्लॅस्टिकच्या झाकणाला, मग तेच झाकण पाटीवर चिकटवून, मग झाकणाच्या जागी कागदाचा तुकडा, आणि तो रोज कातरून बारीक. नाक लागलं की क्लिकर (दाबला की ‘क्लिक’ वाजणारी छोटी डबी) आणि लगेच खाऊ. ते पक्कं झाल्यावर मात्र नुसतं नाक लागून क्लिक नाही, पाटी हलली तरच. एका बैठकीला पाच मिनिटं, दिवसातून तीनदा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची: अंतर तरी, जागा तरी, आजूबाजूची गर्दी तरी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर चूक कशामुळे झाली हेच कळत नाही, हे तुमचं वाक्य.

खाऊ म्हणजे बिनमिठाची उकडलेली कलेजी, वाटाण्याएवढे तुकडे, दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शाच्या आत. कांदा अजिबात नाही, कारण तो कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. उपाशी ठेवून काम करून घ्यायला नियमांत मनाई आहेच, पण भुकेला कुत्रा खाऊवर झडप घालतो, शांत बसत नाही, हेही तुम्ही दाखवून दिलंत.

सगळ्यात अवघड ती नजर. पाटी फिरवली की शिकवलेला कुत्रा वळून शिकवणाऱ्याकडे बघतो, ‘दे आता’ म्हणून. तिथेच विनोद मरतो, कारण त्याने बघायला हवं गिऱ्हाइकाकडे. असल्या वेळी मागून हाका मारतात, चुटक्या वाजवतात, आणि कुत्र्याचे डोळे भिरभिरतात. तुम्ही खाऊची जागाच बदललीत. क्लिक झाल्यावर खाऊ तुमच्या हातून नाही, गिऱ्हाइकाच्या कापडी पिशवीतून. नटाला दोन दिवस आधी बोलावून बंड्याबरोबर तेवढंच करायला लावलंत. मग एक सेकंद थांबून खाऊ, मग दोन, मग चार. पडद्यावर जो थंड, ठाम, पुणेरी नकार दिसतो, तो पिशवीच्या तोंडाशी खिळलेल्या कुत्र्याचा चार सेकंदांचा संयम आहे. असा विनोद एडिटमध्ये कापून-जोडून तयार होत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आणि जांभई. पहिल्या दिवशी बंड्याने लाइटखाली जांभई दिली, सगळे खूश झाले, तुम्ही टेक थांबवलात. ओठ चाटले जात होते, कान मागे गेले होते, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसत होतं. ती झोपेची नाही, ताणाची जांभई. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरवून, खायला घालून त्याला त्याच गादीवर झोपू दिलंत. कॅमेरा तिवईवर बांधलेला, मार्क टेपने आखलेला, माणसं दोनच. तो उठला, अंग ताणलं आणि तोंड उघडलं. शॉटची नोंद दाखवणारी क्लॅपची पाटी शेवटी, उलटी धरून, हलक्या हाताने. सुरुवातीला वाजवली असती तर ती जांभई मिळालीच नसती.

लाइटबद्दल कॅमेऱ्याच्या बाजूने एक नोंद, पुढे कुणाला उपयोगी पडेल. प्राण्यावर कृत्रिम उजेड आम्ही ५०० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर नेला नाही. ऐकायला कमी वाटतो, पण कॅमेऱ्याची संवेदनशीलता ८०० आयएसओ आणि शटर १/५० सेकंद ठेवलं की तेवढ्यात भिंगाचं तोंड एफ ५.६ एवढं बारीक ठेवता येतं. फोकसला ते पुरतं.

पडद्यावर एकच कुत्रा दिसतो, पण निवांत पडून राहणारा खंडू आणि पाटी फिरवणारा बंड्या वेगळे, हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. दोघांच्या डाव्या कानाचा फरक तुम्ही खालच्या कोनातून झाकून घेतलात. कोंबडीला तर ज्वारीचे दाणे आणि लाल ठिपका एवढंच पुरलं. गळ्याची पिशवी भरली की ती काम करत नाही, म्हणून तिचे टेक सकाळी पहिले.

वैशाखात अंगणातल्या फरशीवर हाताची मागची बाजू टेकवून सात सेकंद मोजायचे, हात काढावासा वाटला तर कुत्रा उतरवायचा नाही. आमच्या स्पॉटदादांनी ही सवय आता सगळ्याच शूटिंगना लावून घेतली आहे.

पाटी दांड्यासकट तुमच्याकडे पाठवत आहोत. एक चुंबक सैल झाला होता, बदलून दिला आहे. खंडू-बंड्याला आमच्या वतीने कलेजी, बिनमिठाचीच.

कळावे, लोभ असावा.

आपले कृतज्ञ,
जाहिरातीची संपूर्ण युनिट, पुणे