ताई, माझं काम वाचलं ते तुमच्यामुळे

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

गणपतीच्या तोंडावर माझ्या कॉम्प्युटरचं विंडोज पार बसलं. चालू केला की निळी स्क्रीन, रिस्टार्ट, पुन्हा निळी स्क्रीन. स्मरणिका छपाईला जायची होती, दोन लग्नपत्रिका अर्धवट होत्या. तरीही एक पान गेलं नाही. तुम्ही आमच्या रामबागेतल्या घरी येऊन ड्राइव्हचे दोन भाग करून दिले होते, त्याचंच हे फळ. तुमचे आभार सगळ्यांसमोर मानावेत असं वाटलं, म्हणून हे पत्र.

तेव्हा सिल्व्हर मॉलमधून आणलेली 512 जीबीची एसएसडी, म्हणजे कॉम्प्युटरमधली सगळं साठवणारी डिस्क, विंडोजमध्ये 476 दिसणारी, जवळजवळ सगळी एकच सी ड्राइव्ह होती. विंडोजही त्यातच आणि अहिल्याबाईंच्या 300व्या जयंतीच्या अंकाची पानंही त्यातच. मी म्हटलं, दोन भाग करून द्या. तुम्ही माउसला हात लावायच्या आधी विचारलंत, “काका, बॅकअप कुठे आहे?” बाहेरच्या डिस्कवर सगळं उतरेपर्यंत तुम्ही बसून राहिलात. उतरलेल्या फायली मधूनमधून उघडून पाहिल्यात. मग बिटलॉकरची, म्हणजे ड्राइव्हला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीची, 48 आकडी रिकव्हरी की (किल्ली) माझ्याच हातानं वहीत लिहून घ्यायला लावलीत. मला सगळ्यात मोठी वाटते ती ही सबुरी. यापूर्वी एका दुकानात न विचारता फॉरमॅट मारून सगळं पुसलेलं मी भोगलं आहे, म्हणून तिची किंमत मला कळते.

पुढचं काम तुम्ही मला शेजारी बसवून दाखवलंत. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी लहान करायचं ‘श्रिंक व्हॉल्यूम’ दाबलं तर जागा भरपूर मोकळी असूनही थोडीच सुटत होती. विंडोज स्वतःच्या कामासाठी ठेवतं ती हायबरनेशनची आणि पेजिंगची फाइल मध्येच ठाण मांडून बसते, ती विंडोजला हलवता येत नाही, हे तेव्हा समजलं. दोन्ही बंद करून, रिस्टार्ट करून पुन्हा पाहिलं, तर हवी तेवढी जागा सुटली. त्या चौकटीत आकडा एमबीत द्यायचा असतो आणि एका जीबीत 1024 एमबी, म्हणून 290 जीबीसाठी तुम्ही 2,96,960 टाकलेत. पेजिंग लगेच पुन्हा चालू केलंत. सुटलेल्या जागेची डी ड्राइव्ह केलीत आणि तिची वेगळी रिकव्हरी कीही वहीत लिहून घ्यायला लावलीत. सीला 180 च्या वर जागा ठेवलीत, कारण अपडेट आले की विंडोज फुगतं आणि पुढे सी वाढवायची तर मोकळी जागा तिला लागूनच, उजवीकडे असावी लागते.

डेस्कटॉप हा सीमध्येच असतो, हे आमच्यासारख्या टायपिंगवाल्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल? आमचं सगळं काम तर डेस्कटॉपवरच पडलेलं असतं. तुम्ही डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स, दोन्हींच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन त्यांचं ठिकाण डीवर नेलंत. मराठी फॉन्टच्या फायलींची एक प्रतही डीत ठेवलीत. विंडोज नव्यानं टाकलं की फॉन्ट जातात आणि जुन्या फॉन्टमधला मजकूर उघडला तर नुसती अगम्य चिन्हं दिसतात. हे सुचायला समोरच्या माणसाचं काम कळावं लागतं, ताई.

परवा विंडोज नव्यानं टाकायला मीच बसलो. सेटअपमध्ये सी, डी अशी अक्षरं दिसत नाहीत, नुसते पार्टिशनचे, म्हणजे ड्राइव्हच्या भागांचे, नंबर आणि आकार दिसतात. तुम्ही वहीत दोन्ही आकार लिहून दिले होते, ते ताडून पाहिले आणि फक्त 180 च्या वरचं, विंडोजचं पार्टिशन फॉरमॅट केलं. नंतर डी उघडताना तिनं रिकव्हरी की मागितली, तीही त्याच वहीत सापडली. फॉन्ट पुन्हा टाकले आणि स्मरणिका वेळेवर छपाईला गेली.

जाताना तुम्ही बजावलं होतं की दोन भाग केले म्हणजे बॅकअप झाला असं नाही, एसएसडीच गेली तर सी आणि डी दोन्ही जातील. ते मी पाळतो आहे. दर शनिवारी डी बाहेरच्या डिस्कवर उतरवतो आणि ती डिस्क कॉम्प्युटरजवळ न ठेवता कपाटात ठेवतो.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, चहासुद्धा घाईत घेतलात. स्मरणिका छापून आली की पहिली प्रत तुमच्या घरी घेऊन येतो. त्या दिवशी मात्र जेवायलाच आमच्याकडे या, हिनं आग्रहानं सांगितलं आहे.

आपला,
रामबागेतला टायपिंगवाला काका