पाण्याशिवाय स्मोकरची कृती छापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कोळशाच्या वॉटर स्मोकरवर, म्हणजे मंद आचेवर धुरात मांस शिजवायच्या झाकणाच्या शेगडीवर, मटण करायची कृती वाचली. मसाल्याचं प्रमाण चोख आहे. पण मधल्या भांड्यात पाणी ‘हवं असल्यास’ घाला, आणि थंडीत स्मोकर काचबंद गॅलरीत मांडा, असं त्यात लिहिलंय. पहिल्या सल्ल्यानं मटण वाया जाईल, दुसऱ्यानं जीव जाऊ शकतो.

माझी सगळी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात बॉयलरवर झाली. मुलानं घरी स्मोकर आणला तेव्हा खाली आग, मध्ये पाणी, वर जाळी ही मांडणी बघताच लक्षात आलं की यात पाणीच राखणदार आहे. उकळतं पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. निखारे भडकले तरी जास्तीची बरीच उष्णता वाफ होण्यात खर्ची पडते आणि आतली हवा साधारण १०७ ते १२१ अंशांत टिकते. भांडं कोरडं पडलं की तोच स्मोकर भट्टी होतो. शिवाय चरबी तापलेल्या कोरड्या भांड्यात गळून जळते आणि काळा, कडू धूर उठतो. पाणी कमी झालं की गरमच घालावं. गार घातलं तर सगळा ताव उतरतो.

आपल्याकडचं मटण बोकडाचं, अंगानं चरबी कमी. त्याला ही ओल जास्तच लागते. पुढच्या पायाचा खांद्याकडचा भाग अख्खा ठेवला तर पाच-सहा तास सहज जातात. मांसाच्या आतलं तापमान सत्तरीच्या आसपास आलं की ते तिथंच अडून बसतं, कारण पृष्ठभागावरची ओल उडून मांस गार होत राहतं. इथं लोकांचा धीर सुटतो, हवा आत घेणाऱ्या खालच्या झडपा सताड उघडल्या जातात. तसं करू नये. त्याच वेळात चिवट तंतू विरघळत असतात. नव्वदीला पोचलं की हाडापासून मांस आपोआप सुटतं. झाकण दर दहा मिनिटांनी उघडून पाहणाऱ्यांनी एक खुपसायचा थर्मामीटर घ्यावा, ही माझी कळकळीची विनंती. चिकन आत ७४ अंश, मासा ६३. रंगावर जाऊ नये. धुरानं रंग लवकर चढतो, शिजणं मागून येतं.

मासळीबद्दल आपल्या लेखात एक ओळही नव्हती, याचं वाईट वाटलं. मरळ किंवा रोहूचे जाड तुकडे तासभर मिठाच्या पाण्यात ठेवून, पुसून, वाऱ्यावर जरा सुकवले आणि जाळीला तेल लावून ठेवले, तर तास-दीड तासात असे होतात की सोबत रस्सा लागत नाही. लाकूड पेरूचं किंवा आंब्याचं, चांगलं वाळलेलं, दोनच ढलप्या. निलगिरी नको, प्लायवूड किंवा रंगवलेली फळी तर मुळीच नको.

कोळशाचंही सांगायलाच हवं. उमरेड-सावनेरच्या खाणींमुळे आपल्या जिल्ह्यात नुसतं ‘कोळसा’ म्हटलं तर दगडी कोळसाही हाती येऊ शकतो. त्याच्या धुरात गंधक असतं; त्यावर अन्न धुरावू नये. लाकडी कोळसाच मागून घ्यावा, आणि त्यावर राखेचा पांढरा थर येईपर्यंत मांस ठेवू नये.

आता गॅलरीचं. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, झोप आल्यासारखं वाटतं आणि माणूस तिथंच आडवा होतो. खिडकी किलकिली ठेवून भागत नाही. डिसेंबरात नागपूरची थंडी बोचते हे मान्य, पण स्मोकर गच्चीवर किंवा अंगणातच हवा. वारा लागत असेल तर पत्र्याचा आडोसा करावा. काम झाल्यावरही निखारे पूर्ण विझेपर्यंत तो घरात आणू नये. वरची झडप कधीही बंद करू नये. ताव कमी-जास्त करायचा तो खालच्या झडपांनी.

उन्हाळ्यात उलटी काळजी. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला असताना मसाला लावलेलं मटण ओट्यावर मुरत ठेवू नये, फ्रीजमध्येच ठेवावं.

आपली पुरवणी घरोघरी वाचली जाते, तरुण मुलं त्यातलं बघून करायला घेतात. म्हणून येत्या रविवारी गॅलरीच्या सल्ल्याची दुरुस्ती ठळक चौकटीत छापावी, आणि यापुढे स्मोकरच्या प्रत्येक कृतीत पाण्याचं माप व मांसाच्या आतलं तापमान द्यावं.

आपला,
एक निवृत्त बॉयलर ऑपरेटर
मानेवाडा, नागपूर