लेदर बॉल चाचणीच्या दिवशीच हातात येऊ नये

महोदय,

कापूस-तूर निघून वावरं मोकळी झाली की गावोगावी टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. प्रत्येक स्पर्धेत एखादं तरी पोरगं असं दिसतं, की त्याचा चेंडू किपरच्या हातात धप्पकन बसतो. पुढे जिल्ह्याच्या निवड चाचणीत त्याला पहिल्यांदा लेदर बॉल मिळतो. सहापैकी तीन चेंडू वाइड जातात आणि पोरगं एसटीनं घरी परततं. वेग होता, पण तो बघायला कुणी थांबलं नाही.

दक्षिण आफ्रिकेचा वेगवान गोलंदाज मखाया एन्टिनी अशा चाचणीतून नक्कीच बाद झाला असता. किंग विल्यम्स टाउनजवळच्या म्डिंगी गावात तो गुरं राखायचा. थंडीत पाय गारठले की ताज्या शेणाच्या पोवात उभा राहायचा. क्रिकेट मंडळासाठी खेड्यापाड्यांत फिरणारे रेमंड बूई यांना हा मुलगा अनवाणी गोलंदाजी करताना दिसला. त्यांनी आधी त्याला बूट दिले आणि मग डेल कॉलेज या शाळेत त्याची सोय झाली. १९९८ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेकडून कसोटी खेळणारा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकन ठरला. १०१ कसोटींत त्याने ३९० बळी घेतले. २००३ मध्ये लॉर्ड्सवर सामन्यात १०, तर २००५ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला १३२ धावांत १३.

आपल्या पोरांनी त्याचा कोन समजून घ्यावा. एन्टिनी यष्टीपासून लांब, क्रीजच्या कडेवरून टाकायचा. त्यामुळे उजव्या फलंदाजाला चेंडू आत येतो. टप्पा यष्ट्यांच्या रेषेत पडला तर चेंडू लेग स्टंपबाहेर निघून जातो आणि पायचीत मिळत नाही. म्हणून टप्पा ऑफ स्टंपच्या बाहेर हवा. तिथे शिवणीवर पडून चेंडू जरासा सरळ राहिला, की बॅटची कड घेऊन स्लिपमध्ये जातो. डावखुऱ्याला तोच कोन बाहेर जाणारा, म्हणून आणखी अवघड. मात्र मागचा पाय रिटर्न क्रीजला, म्हणजे यष्ट्यांच्या बाजूला आखलेल्या उभ्या रेघेला, लागला तर नो-बॉल. ही रेघ मधल्या यष्टीपासून ४ फूट ४ इंचांवर असते आणि गावच्या मैदानावर ती बहुधा आखलेलीच नसते. सवय तिथूनच बिघडते.

दुसरी अडचण पकडीची. टेनिस बॉल साधारण ५८ ग्रॅमचा, त्याला शिवण नाही, त्यामुळे पोरं तो तळहातात रुतवून धरतात. लेदर बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा. तसाच धरला तर उशिरा सुटतो आणि आखूड पडतो. दोन बोटं शिवणीच्या दोन बाजूंना, अंगठा खाली, तळहात आणि चेंडू यांत फट. फलंदाजाच्या यष्ट्यांपासून ६ ते ८ मीटरवर चुन्याचा पट्टा आखून त्यावरच टाकत राहावं. यॉर्करचा, म्हणजे थेट फलंदाजाच्या पायाशी टाकायच्या चेंडूचा, नाद काही दिवस सोडावा.

टेनिस बॉलच्या सामन्यात दोन षटकं टाकली की काम झालं. एन्टिनीने कसोटीत २० हजारांवर चेंडू टाकले, ते धावून कमावलेल्या दमावर. आपल्याकडे कॅनव्हासच्या बुटांवर कडक मुरमात एकदम दहा षटकं टाकायला लावतात. मग नडगी आणि कंबर धरते. पहिला महिना आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला ३० चेंडू पुरेत. त्यानंतर दर पंधरवड्याला सहा वाढवावेत. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून रोलर फिरवलेल्या मुरमावर मॅट अंथरावी. ती चारही बाजूंनी खुंट्यांनी ताणलेली हवी. मॅटच्या वळीवर चेंडू पडला तर थेट तोंडावर येतो.

खापरखेड्याजवळच्या वलनीचा, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव एकोणीस-वीस वर्षांचा होईपर्यंत टेनिस बॉलवरच खेळत होता. पुढे विदर्भाच्या संघातून भारताकडून कसोटी खेळणारा तो पहिला खेळाडू झाला. म्हणजे उशीर हे कारण पुरेसं नाही.

निवड समितीला विनंती एवढीच: चाचणीच्या महिनाभर आधी प्रत्येक तालुक्याला डझनभर लेदर बॉल आणि गरजू पोरांना धड बूट पोहोचवा. आणि चाचणीत पहिले सहा चेंडू मोजूच नका.

— काही क्रिकेट प्रशिक्षक, आर्णी, जि. यवतमाळ