मैदानात एवढी तरी माती ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की ‘हल्लीची मुले मोबाइलमधून डोके वर काढत नाहीत’ अशी तक्रार आमच्या वयाची माणसे हमखास करतात, आणि मीही ती पुष्कळदा केली आहे. यंदा मात्र नातवाने माझी बोलती बंद केली. त्याला विटीदांडू शिकवावा म्हणून मी सुताराकडून बाभळीची विटी आणि हातभर लांबीचा दांडू करून घेतला, आणि संध्याकाळी त्याला घेऊन घराजवळच्या, नुकतेच सुशोभीकरण झालेल्या मैदानावर गेलो. चहूकडे पेव्हर ब्लॉक, मधोमध जाळी लावून तासावर भाड्याने देण्याचा कृत्रिम हिरवळीचा चौकोन, आणि उरलेल्या जागेत व्यायामाची यंत्रे. विटी आडवी ठेवून कोलायला आधी गल, म्हणजे जमिनीत खणलेला छोटा लांबट खड्डा, लागते, हे मी त्याला वाटेत सांगितले होते. त्याने एकदा सगळीकडे पाहिले आणि विचारले, ‘‘आजोबा, खणायची कुठे?’’

माझे बालपण सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या खडखडाटात गेले. टोला बसला की विटी पडली तिथपासून गलीपर्यंतचे अंतर आम्ही दांडूने ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असे मोजत येत असू, आणि माप ज्या शब्दावर संपेल त्यावरून पुढचा टोला पायावरून, मुठीवरून की डोळ्यावरून मारायचा हे ठरे. हे शब्द आम्हाला मंत्रासारखे पाठ होते, अर्थ मात्र कोणालाच ठाऊक नव्हता. एकदा शेजारच्या तेलुगूभाषक काकू आमचे मोजणे ऐकून पदराआड हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘अरे, हे आमचेच आकडे. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु!’’ त्या दिवसापासून त्यांच्या मुलाने मोजलेल्या मापावर हुज्जत घालण्याचे धाडस कोणी केले नाही.

तेव्हाचे सारे गोमटे होते, असे मला म्हणायचे नाही. विटी लागल्याची खूण माझ्या भुवईवर आजही आहे, आणि आमच्या बहिणींच्या वाट्याला विटीदांडू कधी आला नाही; दिवेलागणीपूर्वी ओट्यावर सागरगोटे, फार तर लंगडी, एवढीच त्यांना मुभा होती. तरीही खेळायला कोणाची परवानगी किंवा पावती लागत नसे, आणि धाकट्या भावंडाला लिंबूटिंबू म्हणून का होईना, डावात घ्यावेच लागे.

खो-खोचे नशीब थोर. 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम बांधून दिले, पुढे तो मातीवरून मॅटवर गेला, आणि जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ जिंकले. याचा आनंद आहेच. पण विटीदांडूला किंवा गोट्यांना चषक मिळावा अशी माझी मागणी नाही. त्यांना गल खणण्याइतकी आणि आट्यापाट्यांना पाट्या आखण्याइतकी माती मिळाली तरी पुरे. आपल्याच दैनिकात एखाद्या चळवळीचे ‘लोण’ गावोगावी पोहोचते, मागणी ‘कोलून’ लावली जाते आणि कोणी नुसते ‘भोज्याला शिवून’ परततो. हे शब्द ज्या अंगणांतून आले ती अंगणेच आता फरशीखाली गेली आहेत.

म्हणून स्थानिक स्वराज्य संस्थांना विनंती आहे की, मैदानांच्या नूतनीकरणाचे आराखडे करताना प्रत्येक मैदानाचा निदान चौथा हिस्सा मातीचाच राखावा, उन्हाळ्यात तिथे संध्याकाळी पाणी मारावे, आणि त्या भागाला ना भाडे असावे ना कुलूप. ब्लॉक बसवण्यापेक्षा हा खर्च कमीच असेल. (कदाचित म्हणूनच तो कोणाला सुचत नसावा.)

तूर्त आम्ही आजोबा-नातू शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर खेळतो. तिथल्या रखवालदाराने पहिले दोन दिवस आम्हाला हटकले, तिसऱ्या दिवशी स्वतःच दांडू मागून घेतला आणि विटी थेट कुंपणापार धाडली. पायाचे खोदकाम दिवाळीनंतर सुरू होणार आहे, तोवर या, असे तो म्हणाला.

आपला,
एक वाचक, सोलापूर