रुग्णालयांनी आपला अँटिबायोग्राम जाहीर करावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

धाराशिव, लातूर, कलबुर्गी, विजयपूर या भागांतून अत्यवस्थ रुग्ण सोलापुरात आणले जातात. नातेवाईक डॉक्टरांचे नाव विचारतात, व्हेंटिलेटर मोकळा आहे का आणि खर्च किती येईल हेही विचारतात. पण त्या आयसीयूत कोणत्या जंतूंनी ठाण मांडले आहे आणि त्यांच्यावर कोणती औषधे अजून चालतात, हे कळण्याची कोणतीही सोय त्यांच्यासाठी नाही.

मी शहरातील एका प्रयोगशाळेत कल्चरचे, म्हणजे रुग्णाच्या नमुन्यातील जंतू वाढवून ते कोणत्या औषधाला दाद देतात हे तपासण्याचे, काम करते. व्हेंटिलेटरवरील रुग्णाच्या श्वासनलिकेतील स्राव येतो, प्लेटवर क्लेब्सिएला किंवा ॲसिनेटोबॅक्टर वाढतो आणि रिपोर्टमध्ये एकाखाली एक औषधांपुढे ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट (औषधाला दाद न देणारा), असे लिहावे लागते. मेरोपेनेमसारख्या, कार्बापेनेम गटातील प्रभावी औषधापुढेही तेच. मग बहुधा उरते ते कोलिस्टिन, जे मूत्रपिंडाला अपाय करते म्हणून १९७० च्या दशकात जवळजवळ बाजूला पडले होते. या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंचे बाहेरचे आवरण अनेक औषधांना आत शिरूच देत नाही, शिवाय प्रतिकाराची जनुके ते एकमेकांना देतात. ॲसिनेटोबॅक्टर तर पलंगाच्या कोरड्या कठड्यावरही कित्येक दिवस तग धरतो आणि न धुतलेल्या हातांवरून पुढच्या रुग्णाच्या कॅथेटरपर्यंत पोहोचतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या यादीत कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या अशा जंतूंना सर्वाधिक धोक्याच्या गटात ठेवले आहे, ते उगाच नव्हे.

कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस जातात आणि अत्यवस्थ रुग्णाला तेवढी उसंत नसते, म्हणून डॉक्टरांना अंदाजाने औषध सुरू करावे लागते. त्या अंदाजाला आधार हवा तो अँटिबायोग्रामचा, म्हणजे त्याच रुग्णालयात वर्षभरात कोणत्या जंतूवर कोणते औषध किती टक्के लागू पडले, याच्या तक्त्याचा. केरळने २०१८ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंविरुद्ध स्वतःचा कृती आराखडा आणला आणि पुढे राज्याचा अँटिबायोग्रामही प्रसिद्ध केला. सोलापुरात खासगी रुग्णालयांची नोंदणी महापालिकेकडे होते. नूतनीकरणाच्या वेळी आयसीयू असलेल्या प्रत्येक रुग्णालयाकडून हा तक्ता मागून तो जाहीर करणे महापालिकेला जड जाऊ नये.

बदनामीची भीती मी समजू शकते. परंतु जे रुग्णालय कल्चर पाठवतच नाही ते कागदावर सर्वांत स्वच्छ दिसेल, म्हणून किती रुग्णांमागे किती कल्चर पाठवले, हा आकडाही तक्त्यात असलाच पाहिजे. त्यावाचून बाकीच्या आकड्यांना काही अर्थ नाही.

तोवर एवढे तरी व्हावे, की रुग्णाला एका रुग्णालयातून दुसरीकडे हलवताना एक्स-रे आणि बिलांबरोबर कल्चर रिपोर्टची प्रत न मागता दिली जावी, म्हणजे नव्या डॉक्टरांना पहिल्या दिवसापासून योग्य औषध निवडता येईल आणि त्या रुग्णाला वेगळे ठेवण्याची व्यवस्थाही वेळेत करता येईल.

— एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सोलापूर