काकूंना घेऊन येताना बंदरला थांब

मेलबर्न

प्रिय मंजू,

तुझा मेसेज वाचला. काकूंना घेऊन इकडे यायचं अखेर पक्कं केलंस, जीव भांड्यात पडला. आता मुद्द्याचं. चेन्नईहून ब्रुनेईमार्गे (बोर्निओ बेटावरचा छोटा देश, 'बंदर' ही त्याची राजधानी) येणारं तिकीट परवडतंय, पण मध्ये बराच वेळ लटकून राहावं लागतं, तर तिथे रात्र काढावी की विमानतळावरच खुर्च्यांवर आडवं व्हावं, असं तू विचारलंस. वर "सगळे म्हणतात तिथे बघण्यासारखं काही नाहीच" ही पुस्तीही जोडलीस. हे व्हॉट्सॲपवर चार ओळींत उरकण्यातलं नाही. चहा घेऊन बस.

राहा. डोळे झाकून राहा. फक्त शुक्रवारी उतरू नकोस. आम्ही नेमके शुक्रवारी सकाळी उतरलो. तिथे शुक्रवारी बारा ते दोन नमाजाची वेळ, आणि त्या दोन तासांत दुकानं, खानावळी, मॉल, झाडून सगळं बंद ठेवायचं असा नियमच आहे. आम्ही हॉटेलात पिशव्या टाकून, तोंडावर पाणी मारून जेवायला म्हणून बाहेर पडलो तेव्हा शटरं खाली येत होती. निखिलला भूक लागली की त्याचं काय होतं ते तुला माहीत आहे. बॅगेत आईने दिलेले कडबोळे होते म्हणून संसार टिकला.

आणि गंमत म्हणजे त्या देशात सरकारी सुट्टी शुक्रवारी आणि रविवारी. मध्ये शनिवारी पुन्हा कामावर! जोडून सुट्टी नाहीच. हे ऐकून निखिलला त्या लोकांची जी दया आली, ती जेवण मिळेपर्यंत टिकली.

बंदर सेरी बेगावान हे राजधानीचं पूर्ण नाव, पण तिथले लोक नुसतं 'बंदर' म्हणतात, मीही तसंच म्हणते. 1970 पर्यंत हिचं नाव ब्रुनेई टाउन होतं. आत्ताच्या सुलतानांच्या वडिलांनी 1967 मध्ये गादी मुलाला दिली आणि सेरी बेगावान ही पदवी घेतली, तिच्यावरून शहराला हे नाव मिळालं. आणि देश केवढा? 5,765 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्गापेक्षा जरासा मोठा. वस्ती मात्र साडेचार लाखांच्या आसपास, आपल्या जिल्ह्याच्या निम्मीच. तेव्हा राजधानीत गर्दी कुठून येणार?

तरी पहिले काही तास मलाही चुकल्याचुकल्यासारखं झालं. रस्ते ऐसपैस, झाडं मस्त, हॉर्नचा आवाज नाही, आणि फुटपाथवर माणूस म्हणून फक्त आम्ही दोघं. पेट्रोल लिटरला 53 सेंट, त्यामुळे घरटी गाड्या, मग चालतंय कोण. बाजारपेठ केव्हाच गाडोंग आणि किउलाप या बाजूंना सरकली आहे, जुन्या मध्यवर्ती भागात सरकारी कचेऱ्या, थोडी दुकानं आणि एक यायासान नावाचा मॉल राहिलाय. दारू देशात विकतच नाहीत. बस आहेत, पण संध्याकाळ झाली की त्याही गुडूप. म्हणजे 'काही नाही' म्हणणारे खोटं बोलत नाहीत. पण ते बघतात गाडीतून, आणि गाडीतून हे शहर पाठमोरंच दिसतं. त्याचं तोंड नदीकडे आहे.

यायासानच्या मागच्या बाजूने सरळ धक्क्यावर गेलं की लगेच होडीवाले हात वर करून बोलावतात. आरडाओरडा नाही, नुसती खूण. पलीकडे सोडायचा एक डॉलर. (सिंगापूरचे डॉलर असतील तर तेच दे. 1967 पासून दोन्ही देशांचा करार आहे, एकास एक भावाने चालतात.) आमचा होडीवाला सत्तरीचा असेल. एका पायाने इंजिनाचा दांडा दाबून धरलेला, दोन्ही हात मोकळे, त्यातल्या एका हातात प्लास्टिकच्या पिशवीतली कॉफी आणि तिला नळी. समोरून दुसरी होडी सुसाट आली, हा जराही न सावरता पाय किंचित वळवून बाजूने निघाला. थेंबभर कॉफी सांडली नाही. मालवणच्या धक्क्यावर वाढलेली मी, पण मीही बघत राहिले.

पलीकडे काम्पोंग आयेर. आख्खं गाव पाण्यात, खांबांवर. पूर्वी लाकडाचे खांब, आता बरेचसे काँक्रीटचे. घराघरांना जोडणाऱ्या फळ्यांच्या वाटा, त्यांवर मुलांच्या सायकली, रंगाच्या रिकाम्या डब्यांत लावलेली मिरची आणि कढीलिंबासारखं काहीतरी, दारात चपलांचा ढीग. मांजरं इतकी की काकू खूश होतील. वीज आहे, नळ आहे, एसी घरघरतायत. शाळा, मशिदी, पोलीस चौकी, अग्निशमन केंद्रसुद्धा पाण्यातच. ज्यांच्याकडे गाडी आहे ते ती अलीकडच्या काठावर लावतात आणि होडीने घरी जातात. ओहोटीला खाली चिखल उघडा पडतो, त्यात खेकडे पळतात आणि खरं सांगायचं तर बाटल्या-पिशव्याही पुष्कळ दिसतात. काही वाटांच्या फळ्या निसटलेल्या, काही घरं ओस, एकाचं छप्पर आत आलेलं.

हे गाव आजचं नाही गं. 1521 मध्ये मॅजेलन या पोर्तुगीज दर्यावर्दीच्या ताफ्यातली जहाजं इथे आली. मॅजेलन स्वतः तोवर फिलिपिन्समध्ये मारला गेला होता. त्या जहाजावर पिगाफेटा नावाचा एक इटालियन होता, त्याने सगळं लिहून ठेवलं. राजवाडा आणि काही सरदारांची घरं सोडली तर सारं शहर खाऱ्या पाण्यात उभं आहे, पंचवीस हजार चुली आहेत, असं तो लिहितो. आकडा फुगवलेला असेल, पाहुण्याने लिहिलेला आकडा शेवटी. मला त्यातली दुसरी गोष्ट आवडली: भरतीचं पाणी चढलं की बायका होड्या घेऊन घरोघर विकायला निघतात. या बायकांना पुढे 'पादियान' म्हणत. डोक्यावर सुपाएवढी टोपी, होडीत भाजी, मासे, कापड. बाजारच दारात. आता त्या उरल्या नाहीत. 1906 मध्ये इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे कारभारावर देखरेख करणारा अधिकारी आला, तेव्हापासून लोकांनी जमिनीवर राहायला यावं म्हणून सरकारचा प्रयत्न सुरू झाला. पुढे तेल सापडलं, सरकारने जमिनीवर घरं दिली, तरुण मंडळी निघाली. पण सगळी नाही. तिथल्या छोट्या संग्रहालयातल्या मुलीला मी विचारलं, तू कुठे राहतेस? तिने खिडकीतून हात केला, "ते निळं." जमिनीवर जावंसं वाटत नाही का, तर म्हणाली आई येत नाही. पुढे विचारलं नाही मी. आपल्याकडेही हेच उत्तर असतं.

त्याच होडीवाल्याबरोबर घासाघीस करून (थोडीच, तो हसून लगेच कमी करतो, मग आपल्यालाच लाज वाटते) दुपार कलताना नदीने वरच्या अंगाला गेलो. वाटेत झाडांच्या वर राजवाड्याचे सोनेरी घुमट दिसतात. 1984 मध्ये, ज्या वर्षी देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी तो पुरा झाला. 1,788 खोल्या आणि 257 न्हाणीघरं. निखिलने लगेच हिशेब काढला, एक न्हाणीघर साधारण सात खोल्यांत. म्हटलं, आमच्या जुन्या घरी सगळ्या खोल्यांत मिळून एक होतं. आत फक्त ईदला सोडतात, एरवी होडीतूनच दर्शन. आणि राजवाड्याच्या समोरच्या काठावर, खारफुटीत, माकडं! लांब लोंबतं नाक असलेली, बोर्निओ बेट सोडून कुठेच न सापडणारी. होडीवाल्याने इंजिन बंद केलं आणि आम्ही गप्प बसलो. आधी नुसत्या फांद्या हलल्या. मग एक थोराड नर बाहेर येऊन बसला, पोट सुटलेलं, नाक ओठांवर आलेलं, पान खायचं तर नाक बाजूला सारून. त्याने आमच्याकडे बघितलं आणि पाठ फिरवली. सुलतानाचा शेजारी, त्याला काय कोणाची पर्वा.

मशिदी दोन मोठ्या. धक्क्याजवळची ओमर अली सैफुद्दीन मशीद, 1958 ची, तिचा सोनेरी घुमट शहरात कुठूनही दिसतो. संगमरवर इटलीचा, ग्रॅनाइट शांघायचा, झुंबरं इंग्लंडची. तिच्यासमोरच्या तळ्यात एक दगडी नौका आहे, सोळाव्या शतकातल्या राजनौकेची प्रतिकृती, 1967 मध्ये बांधलेली. पूर्वी तिच्यावर कुराणपठणाच्या स्पर्धा होत. शुक्रवारी बाहेरच्यांना आत सोडत नाहीत, म्हणून आम्ही शनिवारी सकाळी गेलो. दुसरी 1994 ची, 29 घुमटांची, कारण आत्ताचे सुलतान एकोणतिसावे. भव्य आहे, पण मला पहिलीच भावली. एकच बघायची तर तीच बघ.

आता खाणं. गाडोंगचा रात्रबाजार काकूंना नक्की दाखव. मोठं छप्पर, खाली ओळीने गाळे, धूर, भाजलेल्या कोंबडीचा वास, केळीच्या पानातले भाताचे प्रकार, रंगीत गोड पदार्थ. शहर रिकामं का होतं ते इथे आल्यावर कळतं, सगळे इथे असतात. दुकानदारणी हाका मारत नाहीत. भाव लिहिलेला असतो, बहुतेक वस्तू एक डॉलरला. 'नासी काटोक' घे: भात, तळलेल्या कोंबडीचा तुकडा आणि तिखट सांबाल, कागदात गुंडाळून. चटणी आधी चाटून बघ, मालवणी म्हणून मिरवू नकोस.

पण खरा प्रसंग अंबुयातचा. साबुदाणा आपल्याकडचा कंदापासून बनतो, तिथला खऱ्या सागो नावाच्या ताडासारख्या झाडाच्या गाभ्यापासून. त्या पिठावर उकळतं पाणी ओतून घोटायचं, की झालं. दिसायला हुबेहूब आपण पतंगाला लावायचो ती खळ. वाटीत आली तेव्हा निखिलने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच रांधलंय. दोन टोकांचा बांबूचा चिमटा असतो, तो त्यात फिरवायचा, लोळा गुंडाळायचा, आंबट-तिखट चटणीत बुडवायचा आणि न चावता गिळायचा. चावलास की दातांत बसला. त्याला स्वतःची चव नाहीच, चव सगळी चटणीची आणि बाजूच्या मासळीची. जपानी सैन्य आलं तेव्हा तांदूळ मिळेना, त्या दिवसांत लोकांनी यावर पोट भरलं. शेजारच्या टेबलावरच्या बाई आमची फजिती बघत होत्या. शेवटी उठून आल्या आणि निखिलचं मनगट धरून चिमटा फिरवून दाखवला. त्यानंतर त्याने दोनदा घेतलं. काकूंना उपासाला चालेल का, हा प्रश्न मी त्यांच्यावरच सोपवते.

एवढं कौतुक केलं तर दुसरी बाजूही सांगायला हवी. तिथे आयकर नाही, शिक्षण फुकट, दवाखान्यात नागरिकाला एक डॉलर, हे सगळं तेल आणि वायूच्या जोरावर. पण 1962 मध्ये बंड झालं तेव्हा लावलेली आणीबाणी अजून उठलेली नाही. सुलतानच पंतप्रधान. 2019 मध्ये शरियतचे कडक कायदे पूर्ण लागू झाले, जगभर ओरड झाली, तेव्हा फाशीची शिक्षा अमलात आणणार नाही असं त्यांनी जाहीर केलं, कायदे मात्र राहिले. त्यामुळे तिथली शांतता मला सगळी गोड लागली नाही. लोक बोलतात, हसतात, मनगट धरून शिकवतात, पण राजकारणाचा 'र' काढला की नदीकडे बघतात. हॉटेलच्या खोलीतल्या छतावर किब्ल्याचा, म्हणजे नमाजासाठी मक्केची दिशा दाखवणारा बाण होता, त्याखाली झोपताना हे डोक्यात फिरत राहिलं. तरी पुन्हा संधी मिळाली तर मी उतरेन. तूही हे माहीत असूनच उतर.

आता कामाचं. तुमच्या पासपोर्टवर व्हिसाचे नियम वेगळे, मी इथल्या पासपोर्टवर गेले होते, तेव्हा तिकीट काढायच्या आधी त्यांच्या वकिलातीत विचार. टॅक्सी रस्त्यावर मिळत नाही, 'डार्ट' नावाचं ॲप उतरवून ठेव. हॉटेल धक्क्याजवळचं घे, स्वस्त पडतं म्हणून लांबचं घेतलंस तर अडकशील. काकूंच्या गुडघ्याचं काय? धक्क्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि होडी हलते, पण होडीवाले हात घट्ट धरतात. ओहोटीला पाणी खाली जातं आणि उडी मोठी होते, म्हणून भरतीची वेळ हॉटेलात विचारून जा. मशिदीत वरून घालायचा काळा झगा ते देतात, डोक्याला ओढणी तुमची तुम्ही न्या. दुपारी पाऊस येतोच.

तिकिटाची तारीख ठरली की कळव, मी सुट्टी टाकते. आणि येताना कोकम आण, आगळ नको. इथल्या विमानतळावर खाण्याच्या वस्तूंची झडती घेतात, फॉर्मवर सगळं खरं लिही, सुकं आणि बंद पाकिटातलं असेल तर सहसा सोडतात. कुळथाचं पीठ राहू दे, त्यावरून मागच्या वेळी फार प्रश्न विचारले.

काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
वैशू

ता.क. निखिल म्हणतो, अंबुयातचा तो बांबूचा चिमटा मिळाला तर एक घेऊन ये. बाजारात शोधायचं आमचं राहून गेलं.