पूलनाब्रोनचं बाळ

गॉलवे
१८ मे

प्रिय मावशी,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगणार होते, पण ही गोष्ट घाईघाईत सांगायची नाही, म्हणून लिहायलाच बसले.

गेल्या रविवारी आम्ही बरेनला गेलो. आयर्लंडच्या क्लेअर काउंटीतला हा सगळा मुलूख चुनखडीचा. जिकडे बघावं तिकडे राखाडी कातळ आणि त्याला पडलेल्या खोल भेगा. भेगांत वाकून पाहिलं की आत नेचे दिसतात, आणि मधल्या गवतात या दिवसांत जेन्शियनची गर्द निळी फुलं. त्या उघड्या कातळावर पूलनाब्रोनची कबर उभी आहे. पुरुषभर उंचीच्या उभ्या शिळा आणि त्यांवर बाराएक फूट लांबीची, जेमतेम फूटभर जाडीची एकच सपाट शिळा, एका बाजूला कललेली. आज सगळं उघडं दिसतं, पण मुळात भोवती दगडांची बुटकी रास होती.

१९८५ साली पुढच्या एका शिळेला तडा गेलेला दिसला. दुरुस्तीच्या निमित्ताने १९८६ आणि १९८८ मध्ये ॲन लिंच या पुरातत्त्वज्ञ बाईंनी इथे उत्खनन केलं. कातळाच्या भेगांपर्यंत माणसांची हाडं मिळाली, सगळी एकमेकांत मिसळलेली. सोबत घासून गुळगुळीत केलेली दगडी कुऱ्हाड, हाडाचं एक पदक, गारगोटीचे स्फटिक, खापरं. एका माणसाच्या कमरेच्या हाडात दगडी बाणाचं टोक रुतलेलं होतं. बहुतेक मोठी माणसं तिशीच्या आतच गेलेली.

हाडांचा काळ निघाला इसवी सनापूर्वी ३८०० ते ३२००. सहाशे वर्षं, आणि माणसं पस्तीस-छत्तीस. म्हणजे पिढीला एक-दोन! गावात जो गेला तो इथे, असा प्रकार नव्हता. कुणाला इथे ठेवायचं, हे ठरवूनच होत असणार.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. २०२० मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या संशोधकांनी आयर्लंडमधल्या अशा जुन्या कबरींतल्या हाडांचा डीएनए तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. पूलनाब्रोनच्या त्या मोजक्या माणसांत सहाएक महिन्यांचं एक बाळ होतं, मुलगा. त्याला डाऊन सिंड्रोम होता. आपल्या सोनूसारखाच. साडेपाच हजार वर्षांपूर्वीचं हे बाळ, डाऊन सिंड्रोम डीएनएवरून खात्रीने ओळखता आलेलं, २०२० पर्यंतचं सगळ्यात जुनं. आणि त्याच्या हाडांच्या रसायनावरून हेही कळतं की त्याला अंगावर पाजलेलं होतं.

मावशी, मी त्या शिळांपुढे उभी होते आणि मला तू दिसत होतीस. सोनू लहान असताना त्याला दूध ओढता यायचं नाही, तासतास मांडीवर घेऊन बसायचीस. तेव्हा तुला लोकांनी काय काय ऐकवलं, ते मी दाराआडून ऐकलेलं आहे. पूर्वीच्या काळी अशी मुलं कुणी ठेवतच नव्हतं, असंही एकजण म्हणाले होते. तो पूर्वीचा काळ मी परवा बघून आले. तिथल्या आईने बाळाला पाजलं, आणि ते गेल्यावर तिच्या माणसांनी त्याला या मोजक्यांच्या कबरीत जागा दिली. त्यांच्या मनात काय होतं ते हाडं सांगत नाहीत, पण एवढं तर सांगतात.

नागपूरच्या काटोल रोडवरच्या जुनापाणीची शिळावर्तुळं आठवली. ती लोहयुगातली, निदान दोन हजार वर्षं नंतरची, आणि इथल्यांशी त्यांचा काही संबंध नाही. पण दिवाळीत येईन तेव्हा सोनूला घेऊन तिकडे जाऊ. त्याला मोकळ्या माळावर हिंडायला आवडतं.

इथले फोटो मावसाजींच्या फोनवर पाठवलेत. सोनूला मोठे करून दाखव, आणि बाळाचं त्याला तूच सांग, तुझ्या पद्धतीने. तो काय म्हणतो ते मला कळव. मावसाजींना नमस्कार.

तुझी,
मनू